नवमीची सवाष्ण

अविधवा नवमीला सवाष्ण बोलवायची, हे मोठ्या बहिणीने फोनवर सांगितलं तेव्हा मला ती रीत नीट ठाऊक नव्हती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने पितृपंधरवड्यातल्या नवमीला एका सवाष्णीला जेवू घालतात, तिची ओटी भरतात, साडी देतात. माझी बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. मी ग्रंथालयात आयुष्य काढलेला माणूस. असल्या गोष्टी वाचलेल्या असतात, केलेल्या नसतात.

"कोणाला बोलावू?" मी विचारलं.

"तिनेच सांगून ठेवलंय. विसरलास?"

विसरलो नव्हतो. बोलवायची लाज वाटत होती.

बायकोच्या आजारपणात तिला सांभाळायला एक बाई येत असे. मूळची बंगालमधल्या मालद्याची, मुसलमान. तिचा नवरा उलव्याच्या इमारतींमध्ये लाद्या बसवायचा. इकडे आल्यावर ती आधी गव्हाणला एका आगरी घरात कामाला होती, त्यामुळे तिचं मराठी त्या घरचं. "वहिनी, तुमी जेवल्या नाय तर मी पन जेवणार नाय," असं म्हणून ती दमात घ्यायची आणि हातात चमचा न धरवणारी माझी बायको हसून तोंड उघडायची. एकदा वेणी घालून घेताना बायको म्हणाली होती, "माझ्या नवमीला हीच बसेल पाटावर. दुसरी कोणी नको."

बायको गेल्यावर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी तिला आपल्या अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी ठेवून घेतलं. म्हातारे तिच्या हातून निमूट जेवत. मग बांगलादेशी शोधायची मोहीम सुरू झाली. बंगाली बोलताना कोणी दिसलं की चौकीवर नेत. हिचे कागद बरोबर निघाले. नवऱ्याचेही बरोबरच होते, पण गावाकडून खात्री होईपर्यंत त्याला अडकवून ठेवलं. सुटला तो थेट मालद्याला गेला. आणि आमच्या लिफ्टमध्ये सूचना लागली: बंगाली भाषिकांना कामावर ठेवू नये. खाली सेक्रेटरींची सही. हिचे कागद त्यांनी स्वतः पाहिलेले होते.

आमच्या खांदा कॉलनीत त्यानंतर आया मिळेनाशा झाल्या. आया पुरवणारे ब्युरोवाले नवी मुलगी पाठवत, ती चार दिवसांत पळून जाई. रोडपालीच्या माझ्या एका मित्राने सासूचं करायला सुनेला नोकरी सोडायला लावली; सून आता त्याच्याशी बोलत नाही. समोरच्या इमारतीचं काम लाद्यांपाशी येऊन थांबलं. सेक्रेटरी रोज सकाळी वडिलांना स्वतः पुसत आणि लिफ्टमध्ये भेटले की त्यांच्या हातांना फिनेलचा वास येई. सूचना मात्र त्यांच्या डोक्याशी तशीच चिकटलेली.

मी बाईला फोन केला. ती पुन्हा गव्हाणला, त्याच आगरी घराच्या मागच्या खोलीत राहत होती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनींसाठी येते, दादा. गेटवर मात्र तुमी उभे रहा."

नवमीच्या दिवशी मी गेटवर उभा राहिलो. रिक्षातून ती उतरली आणि तिच्या मागोमाग तिची घरमालकीण, नऊवारीतली म्हातारी आगरीण.

"हिला कोन अडवतंय ते बघायला आले मी," ती वॉचमनकडे बघत म्हणाली. "कोनच नाय? मंग दार उघड ना, बाबा!"

वॉचमनने मान खाली घालून रजिस्टर पुढे केलं. नेमके तेव्हाच सेक्रेटरी स्कूटर लावून आले. बाईला पाहून थबकले, मग जवळ आले.

"बरी आहेस ना? बाबा रोज तुझं नाव काढतात." आवाज खाली आणून ते म्हणाले, "येशील का परत? मागच्या जिन्याने ये-जा कर. कोणी काही बोलणार नाही, मी आहे ना."

"माझे कागद बदलले नाय, साहेब," ती म्हणाली. "तेच हायेत."

म्हातारी खो खो हसली. सेक्रेटरी माझ्याकडे बघून कसंनुसं हसले, जणू आम्ही दोघे एका बाजूचे होतो. होतोच. मी त्याच लिफ्टने रोज वर-खाली करत होतो.

घरी ताईने पाट मांडला होता, भोवती रांगोळी. कुंकवाचा करंडा हातात घेऊन ती घुटमळली. "लावलं तर चालेल ना गं तुला?"

"लावा. वहिनींनी विचारलं पन नसतं."

"हातात बांगड्या आहेत, नवरा आहे. मग सवाष्णच की," ताई माझ्याकडे बघून म्हणाली, मी काहीच बोललो नव्हतो.

ती खीर-वडे जेवली, शेजारी म्हातारीही. नवरा कधी येणार, असं ताईने विचारलं. "इकडं आला तर तोंड उघडावं लागंल ना," ती म्हणाली. "त्याला मराठी नाय येत." ताईने तिला आणखी एक वडा वाढला.

ओटीत बायकोची जांभळी साडी घातली. बाईने ती ओळखली. किती वेळ तिच्या काठावरून बोटं फिरवत बसली. मग साडी घडी करून माझ्यापुढे धरली.

"दादा, ही तुमी घेऊन चला गेटपर्यंत."

मला समजेना.

"कामवाल्यांची पिशवी बघतात ना जाताना. घरातनं चिठ्ठी लागते. माझ्या पिशवीत वहिनींची साडी निघाली तर?"

"मी सांगतो ना वॉचमनला, की दिलीय."

"सांगाल," ती म्हणाली. "पन तोवर मी तिथं उभी असन."

सवाष्णीच्या ओटीतली साडी मी परत हातात घेतली. ताईने तोंड फिरवलं. मी, बाई आणि म्हातारी लिफ्टने उतरलो. त्या सूचनेकडे तिघांपैकी कोणीच पाहिलं नाही. गेटवर बाईने न सांगता आपली पिशवी उघडून धरली. वॉचमनने आत पाहिलं; खोबऱ्याची वाटी आणि चार खारका होत्या. माझ्या हातातल्या साडीकडे त्याने नजरही टाकली नाही.

रिक्षा सुरू झाली तेव्हा मी ती साडी तिच्या मांडीवर ठेवली. रस्त्यावर, पुरुषाच्या हाताने, पाटावाचून. तिने पदर पुढे करून ती घेतली आणि कपाळाला लावली.

परतलो तर सेक्रेटरी लिफ्टपाशी थांबलेले होते. "सर, काय म्हणाली? येते का?"

आम्ही आत शिरलो, दार बंद झालं. दोघे त्या सूचनेच्या कागदासमोर उभे होतो. मी माझ्या मजल्याचं बटण दाबलं, मग त्यांच्याही.