आजींची ओळ

उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत आमच्या इमारतीच्या आवारात शिरलं तेव्हा नुकतं उजाडलं होतं. तळमजल्यावरची आणि मागच्या बैठ्या घरांतली माणसं वर आणायची धावपळ सुरू झाली. लाइट गेलेली. सेक्रेटरीकाका मला म्हणाले, "सोसायटीच्या ग्रुपवर सगळे एकदम लिहितायत, कोण आलं नि कोण राहिलं काही कळत नाही. तुमचं ते कॉम्प्युटरवरचं पान आहे ना, त्यावर लिहा."

नोकरी सोडल्यापासून मी घरीच जावास्क्रिप्ट शिकत होते. सरावासाठी एक साधं पान केलं होतं. कामं लिहायची, झालं की शेजारच्या फुलीवर क्लिक करायचं, ओळ गायब. आठवली तेवढी घरं मी कोडमध्येच टाकली आणि लॅपटॉप घेऊन जिन्यात बसले. एकेक घर वर येत होतं, ओळ जात होती. छान चाललं होतं.

मग लोक नवी नावं सांगायला लागले. ती मी चालू पानावरच्या चौकटीत लिहीत गेले. त्यातच होतं, 'मागच्या घरातल्या आजी'. थोड्या वेळात आजींना खुर्चीत बसवून वर आणलं. मी फुली दाबली. ओळ हलेना. पुन्हा दाबली, तरी तिथंच. लॅपटॉप जिन्यातच ठेवून आजींना कोरडं लुगडं द्यायला मी आत गेले, तेवढ्यात कुणीतरी ती ओळ वाचली आणि दोघं जण परत पाण्यात उतरले.

ते परतले तेव्हा छातीपर्यंत भिजलेले होते. एकाचा चेहरा पांढराफटक. "आजी घरात नाहीत!"

"अहो, आजी माझ्याकडे चहा पितायत."

तो मटकन पायरीवरच बसला. उल्हासनगरला माझी नणंद राहते, वेबसाइट करते. तिला फोन लावला.

"वहिनी, क्लिक ऐकायचं काम कुणाला दिलंयस?"

"प्रत्येक ओळीच्या फुलीला."

"पान उघडलं तेव्हा ज्या ओळी होत्या त्यांनाच ना? नंतर आलेल्यांना कोण सांगणार? काम त्यांच्या आईला दे. अख्ख्या लिस्टला. आतली कुठलीही फुली दाबली तरी तिला कळतं. मग ती फुली ज्या ओळीत आहे तेवढीच काढायची."

बदल केला. पण पान नव्यानं उघडलं तर लिहिलेलं सगळं जाणार, म्हणून आधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला. पहिल्या प्रयत्नात ओळीवर क्लिक केलं आणि पूर्ण यादीच नाहीशी झाली! फुलीवरच क्लिक झालंय का, हे तपासायचंच मी विसरले होते; फुलीऐवजी ओळीवर क्लिक झालं की ओळीची आई, म्हणजे अख्खी यादीच जात होती. ती अट घातली, फोटो बघून नावं पुन्हा टाकली. आजींच्या ओळीतल्या फुलीवर क्लिक केलं.

ओळ गेली. बाकीच्या सगळ्या जागच्या जागी.

"गेली!" मी इतक्या जोरात ओरडले की वरच्या मजल्यावरचे लोक घाबरून वाकून बघायला लागले.

त्यानंतर कुणी उगाच पाण्यात उतरलं नाही. दुपारी पान रिकामं झालं. सेक्रेटरीकाकांनी कोऱ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "बिघडलं का हो?"

"नाही काका," मी म्हटलं, "सगळे आले."