कुठल्या बाटलीनं मोजलं?

फान मास्तर,

तुमच्यावर दोन पानं लिहा, असं निवृत्तांच्या अंकवाले सांगून गेले आणि मी बसल्या जागी हो म्हटलं. आता तुम्ही विचारणार, दोनच पानं का, कोण आला होता, आणि त्याला नक्की काय काढून घ्यायचंय. काही काढून घ्यायचं नाही त्याला. अंक भरायचाय. तुम्ही असता तर मला लिहू दिलं नसतं, आणि आता नाही आहात तर गुमान पडून राहा. टेपचंही लिहिणार आहे, शेवटी. पण तुमच्याकडे तोंड करून लिहायला लागले तर वाक्यागणिक अडवाल, म्हणून इथून पुढं लोकांनाच सांगते.

फान चिंगशान शेनयांगच्या आमच्या विमान कारखान्यात लागले ते पत्रा ठोकायला. शाळा जेमतेम सातवी. पण हात चांगला आणि डोळा त्याहून तल्लख, म्हणून वर्षभरात विमानांचे नकाशे काढायच्या खोलीत घेतलं. तिथं त्यांना शिकवायला एक रशियन तज्ज्ञ होता. एके दिवशी मॉस्कोहून बोलावणं आलं आणि आठवड्याभरात सगळे रशियन नकाशांच्या गुंडाळ्या काखोटीला मारून चालते झाले. मास्तरांचा रशियन जाताना त्यांच्या गळ्यात पडून रडला, आणि रडता रडता मास्तरांच्या टेबलावरची मापांची वही उचलून घेऊन गेला.

"रडला ते खरं रडला," मास्तर सांगायचे, "आणि वही नेली तीही खरीच."

तेव्हापासून स्वतः मोजल्याशिवाय आकडा गिळायचा नाही, असा त्यांनी नेमच केला. थंडीच्या तोंडावर कारखान्याकडून घरटी कोबी वाटला जायचा, तर हे खिशातून ताणकाटा काढून प्रत्येक गड्डा तोलून घ्यायचे. मागच्या रांगेतल्या बायका शिव्या घालायच्या. त्यांची बायको गुईच्युन वहिनी म्हणायची, "माझंही माप घेतलंय लग्नाच्या दिवशी. मध्यस्थीणबाईनं एकशे साठ सांगितलेली उंची. मी अठ्ठावन्न भरले. पोरं मोठी झाली तरी ते दोन सेंटिमीटर ऐकवतात मला."

आता बाटलीचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं. थर्मासला आमच्या भाषेत ऊनबाटली म्हणतात, आणि रोजच्या बोलण्यात नुसतं बाटली. कारखान्यात माणूस तिथं बाटली. सकाळी बंबखान्यापुढं शेकड्यांनी रांगेत उभ्या असत, सगळ्या एका मापाच्या, अडतीस सेंटिमीटर. मास्तरांनी आपल्या बाटलीवर तांबड्या रंगानं नाव घातलं होतं. बुचावरही घातलं होतं. बूच बदलून नेणारे लोक असतात, असं त्यांचं म्हणणं.

मी इंग्रजी शिकून आले आणि त्यांच्याच खोलीत लागले. परदेशी विमानांवरच्या मासिकांच्या छायाप्रती आमच्याकडे यायच्या. मजकुराचं भाषांतर मी करायचे आणि फोटो मास्तर मोजायचे. फोटोत ओळखीच्या मापाचं काहीतरी शोधायचं आणि त्यावरून विमानाची मापं काढायची, हा त्यांचा धंदा. शेजारी उभ्या माणसाच्या उंचीवर मात्र त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. "उंच माणूस उभा केला की विमान लहान दिसतं. हे लोक मुद्दाम निवडून उभे करतात." चाकं, शिड्या, दिवे, विटा यांवर ते मोजायचे, आणि त्यांचं माप सहसा चुकत नसे. "फान मास्तरांनी मोजलंय" म्हटलं की कारखान्यात वाद संपायचा. मिळकत म्हणाल तर एवढीच होती त्यांची.

त्र्याऐंशी सालच्या वसंतात आमचे विभागप्रमुख लुआन यांना वरच्या बैठकीसाठी एक तक्ता हवा होता. एका रकान्यावर 'आपलं', दुसऱ्यावर 'त्यांचं'. आपलं म्हणजे आमच्याकडे बनणारं लढाऊ विमान, त्यांचं म्हणजे नवं अमेरिकन. उंची, वेग इथपर्यंत आम्ही मान वर करून होतो. वळण्याच्या ओळीपासून मान खाली जायला लागली आणि इंजिनाच्या ओळीवर तर बघवेना. त्यांच्या इंजिनाचा जोर मासिकात छापला होता, तो आमच्यापेक्षा कुठल्या कुठं.

लुआन तक्ता घेऊन मास्तरांच्या टेबलाशी आले. "मास्तर, हा आकडा त्यांनीच छापलेला. दुकानदारानं आपल्याच मालाचं वजन सांगावं तसं. तुम्ही बघा की जरा."

मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा संशयी साहेब भेटला. खूश झाले.

फोटो चांगला होता. विमान समोरून, इंजिनाला हवा ओढून घेणारं मोठं तोंड पुढंच. तोंड किती मोठं ते कळलं की इंजिन किती हवा पितं ते कळतं, आणि त्यावरून जोर ताडता येतो. त्या तोंडाच्या बरोब्बर खाली, जमिनीवर एक उभट वस्तू होती. खांदे गोलसर, वर कान. फोटोखालची ओळ मी वाचली. छायाप्रत काढणाऱ्यानं डावी कड खाल्ली होती.

"बाटली, हवेच्या तोंडाखाली," मी म्हटलं.

"कसली बाटली?"

"नुसती बाटली. आधीचा शब्द कापला गेलाय."

"मूळ अंक कुठंय?"

"लुआनसाहेबांच्या कपाटात. तिसऱ्या मजल्यावर जा, किल्ली मागा, सही करा."

"मग जा."

"मास्तर, बाटलीच्या आधी काय असणार? लाल, निळी, नाहीतर फुटकी."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ बघत राहिले. "कान आहे, खांदा आहे. ऊनबाटली आहे ही."

"अमेरिकन माणूस विमानाखाली ऊनबाटली कशाला ठेवेल?"

"मग मेकॅनिक पाणी कशातून पितो?"

"ते म्हणे थंड पाणी पितात."

"उघड्या मैदानात? थंडीत?" मास्तरांनी भिंग खाली ठेवून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "थाओ, तू कॉलेजात गेलीस म्हणून छापलेलं सगळंच गिळू नकोस. थंड पाणी पिऊन पोट धरून बसणारी माणसं असलं विमान बांधतील का?"

मला हसू आलं. पण खरं सांगते, ते मलाही पटलं. मीही जन्मभर ऊन पाणीच प्यायलेली.

अडतीस सेंटिमीटर धरून त्यांनी तोंड मोजलं. ते इतकं लहान निघालं, की छापलेल्या जोराला लागते त्याच्या निम्मीच हवा त्यातून आत जावी. म्हणजे आकडा फुगवलेला. 'त्यांचं'च्या रकान्यातली इंजिनाची ओळ खोडली गेली, नवी बसली, आणि आपण त्यांच्या वीतभरच मागं राहिलो. लुआन यांनी तक्ता वर नेला. वरूनही शाबासकी आली. मे दिनाला मास्तरांना बक्षीस मिळालं. काय, तर एक कोरी ऊनबाटली, पोटावर सोनेरी अक्षरांत 'प्रथम'.

मास्तरांनी ती घरी नेली आणि पहिलं काम म्हणजे तिची उंची मोजली. वहिनी सांगते, त्या दिवसापासून त्यांचं जेवणात लक्ष राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी आले. "थाओ, आजवर मी आकडा दिला की कुणाचं तरी तोंड वाकडं व्हायचं. ह्या आकड्यावर सगळे हसतायत. सगळे हसतात तेव्हा पट्टी कुठंतरी घसरलेली असते. तो पहिला शब्द बघून ये."

"बघते."

तिसऱ्या दिवशी पुन्हा. "बघितलास?"

"कपाट उघडत नाही, मास्तर."

कपाट व्यवस्थित उघडत होतं. माझ्या बढतीची फाइल लुआन यांच्या टेबलावर होती. ज्या तक्त्यावर साहेब इतके खूश, त्याच्यावर शंका काढायला त्यांच्याकडेच किल्ली मागायची, एवढी मी खुळी नव्हते. एक सही आणि दोन जिने, एवढंच काम होतं. मी गेले नाही.

मास्तर थांबले नाहीत. इंजिन विभागाची बैठक भरली, तिथं तक्ता लावलेला. ह्या आकड्यावर पुढच्या इंजिनाचं लक्ष्य ठरायचं होतं. मास्तर उठले, कानावरची पेन्सिल काढली आणि सगळ्यांच्या देखत इंजिनाच्या ओळीपुढं लिहिलं, 'पट्टी बाटलीची, खात्री नाही.'

लुआन शांतपणे म्हणाले, "मास्तर, बक्षीस घेताना खात्री होती वाटतं."

"तेव्हा फक्त मोजलं होतं, साहेब," मास्तर म्हणाले. "शंका नंतर आली."

ओळ तक्त्यावरून गेली. छापलेला आकडा परत आला आणि पाठोपाठ सगळ्यांच्या माना खाली गेल्या. महिन्याभरात मास्तरांची बदली झाली, हत्यारं वाटायच्या खिडकीवर. मला बढती मिळाली. त्या खिडकीमागं ते निवृत्त होईपर्यंत पाने आणि कानशी देत बसले. कारखान्यात म्हणच पडली. भोजनगृहात कुणी म्हणालं, आज मोमोत मांस जास्त आहे, की लगेच दुसरा, "कुठल्या बाटलीनं मोजलं?" खिडकीशी येऊनही पोरं म्हणायची. मास्तर पाना पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी सही कर." 'फान मास्तरांनी मोजलंय' असं मात्र पुन्हा कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

वर्षं गेली. आमच्या वसाहतीवरून नवी नवी विमानं जायला लागली. खाली बाकावर म्हातारे सूर्यफुलाच्या बिया सोलत वर बघायचे. कुणीतरी मोबाइलवर वाचून सांगायचा, परदेशी म्हणतात हे आमचंच चोरलेलं, आणि आपले म्हणतात हे त्यांच्यापेक्षा सरस. मास्तर टरफल थुंकून म्हणायचे, "आपल्याच चोरलेल्या मालाला कुणी इतकं भितं का? आणि सरस असेल तर इतकं ओरडून का सांगावं लागतं? दोघांनाही विचार, कुठल्या बाटलीनं मोजलं." सगळे हसायचे. ते हसायचे नाहीत.

माझी मुलगी अमेरिकेत. तिच्याकडे दोन महिने जायचं ठरलं तेव्हा मास्तर माझ्या दारात आले. पंचाहत्तरी ओलांडलेली, हातात पोलादी टेप, तेल लावून फडक्यात गुंडाळलेला.

"तिथं जुनी विमानं संग्रहालयात ठेवतात म्हणे. आपल्या फोटोतलं ते अमेरिकनही असेल. त्याचं तोंड मोजून आण. आडवं आणि उभं."

"मास्तर, इतक्या वर्षांनी?"

"मला खिडकीवर बसवलं ते मोजलं म्हणून नाही, शंका काढली म्हणून. ती शंका खरी की खोटी, एवढं तरी कळू दे. दुसऱ्या कुणाच्या मापावर माझा विश्वास नाही, तुला माहीत आहे." मग जरा थांबून, "तुझ्यावरही नाही फारसा. पण टेप माझा आहे."

तिथल्या विमानतळावर उतरले आणि काचेतून सहज बाहेर पाहिलं. विमानाच्या चाकाजवळ ती उभी. खांदे गोलसर, वर कान, लालभडक, शेजारच्या मेकॅनिकच्या मांडीला लागेल एवढी उंच. अंगावर दोन मोठाले शब्द. दुसरा बाटली. पहिला आग. आग विझवायची नळकांडी. तिकडचे लोक तिला बाटलीच म्हणतात.

मुलगी दोनदा म्हणाली, आई, संग्रहालय दोन तासांवर आहे, रविवारी जाऊ. मी म्हटलं, पाय दुखतात. पाय दुखत नव्हते. दोन्ही रविवारी मी दुकानांत फिरले आणि वहिनीसाठी गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या. टेपवर काय आकडा येणार ते मला काचेतूनच कळलं होतं. मास्तरांची शंका खरी होती, हे मी येऊन सांगितलं असतं तर माणूस सुखानं जेवला असता. पण ते लगेच विचारणार, मग त्या वर्षी कपाट का उघडलं नाही? आणि मास्तरांना खोटं पचत नाही.

तरी मी खोटंच बोलले. "दोरी बांधलेली होती. टेप ओढून तयार होते, पण जवळ जाऊ देत नाहीत."

मास्तरांनी फडकं सोडलं. टेप दोन बोटांनी हातभर बाहेर ओढला, खिडकीच्या उजेडात धरला, त्यावरून अंगठा फिरवला.

"तेल तसंच आहे," ते म्हणाले.

 वहिनी आत चहा टाकत होती, तिला काही ऐकू गेलं नसावं. त्यांनी टेप पुन्हा फडक्यात गुंडाळला, चारी टोकं नीट आत खोचली आणि माझ्या हातात दिला.

"पुढच्या वेळी जाशील तेव्हा," म्हणाले.

पुढच्या वेळी म्हणजे दोन वर्षांनी मी गेले होते, मास्तर. तुम्ही तेव्हा होतात, दवाखान्यात होतात, पण होतात. टेप मी बॅगेत घातलाच नव्हता. तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, तुमच्याच फडक्यात.