ब्रेक पाहून घेतलेली विंच

आमचं घर लाकूड ओढणाऱ्यांचं. लाकूड विकणारे वेगळे, हे लोकांना सांगता सांगता माझं अर्धं बालपण गेलं, तरी नागपुरात सगळे आम्हाला टालवालेच म्हणत. पारशिवनीकडच्या जंगलात ठेकेदारांनी तोडलेले सागाचे ओंडके खोल नाल्यातून वर सडकेपर्यंत आणून द्यायचे, हे आमचं काम. बाबा वर बैलजोड्या हाकत आणि धाकटे काका खाली नाल्यात उभे राहून ओंडक्यांना साखळी अडकवत. सत्तरच्या दशकात तोड आणखी खोलात सरकली आणि बैलांनीही हात टेकले. बाबांनी ठरवलं, जुनी का होईना, तारेचा दोर ढोलावर गुंडाळत ओझं वर खेचणारी विंच घ्यायची.

उमरेडच्या रस्त्यावर एका आवारात खाणीतून निघालेल्या मशिनी विकायला होत्या. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून पाट्यांवरचं इंग्रजी वाचायला बाबांनी मला नेलं. काका तर येणारच. मशीन म्हटलं की ते लग्नाला निघाल्यासारखे तयार होत.

तिथे दोन विंच होत्या. एक मोठी, हिरव्या रंगाची, ऐटबाज; दुसरी बुटकी, ठिकठिकाणी वेल्डिंगचे डाग पडलेली. मोठीवरची पाटी वाचून मी सांगितलं, "यात लिहिलेली ओढ रिकाम्या ढोलावरची आहे. तारेचा दोर गुंडाळत जाईल तसा ढोल जाड होईल आणि ओढ कमी होत जाईल." वर्गात हेच समजावताना मला फळा भरावा लागला असता. बाबा क्षणभर नाल्याच्या दिशेनं बघावं तसे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे लाकूड वर येईन तशी हे थकीन. आपली चढण तं वरच जास्त उभी हाय." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी पाटी पुढे वाचायचीच विसरले.

मालकानं मोठीचं इंजिन चालू केलं. दगडांनी भरलेला, खाणीत कोळसा वाहणारा एक मोडका चाकांचा डबा मातीच्या चढावर ठेवला होता. तिनं तो सरसर वर ओढला. काकांचा चेहरा फुलला. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि मूठभर गुलाल थेट तिच्या ढोलावर उधळला.

बैलबाजारात गुलाल पडला की सौदा पक्का. मग बैल लंगडा निघाला तरी तोंडातून शब्द काढायचा नाही. काका मशीन घ्यायला आले होते, पण सवय बाजाराचीच. मालक हसला, "झालं मग भाऊ, घेऊन जा."

बाबांनी हात वर करून डबा मधेच थांबवायला सांगितला. बैल घेतानाही ते भरली गाडी उतारावर उभी करून पाहत. ओढणारे बैल पुष्कळ मिळतात, धरून ठेवणारे कमी, असं त्यांचं मत. मालकानं ब्रेक ओढला. डबा थांबला आणि मग हळूच मागे सरकू लागला. बोटभर, मग वीतभर.

"थोडा घसरते," मालक म्हणाला. "ब्रेकचा पट्टा गरम झाला का धरते."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि ढोलावरचा गुलाल पुसला. सगळ्या आवारासमोर. ज्या माणसानं जन्मात दिलेला शब्द फिरवला नव्हता, त्याला ते किती जड गेलं हे मला त्याच्या झुकलेल्या मानेवरून दिसत होतं. "याच्या खाली माहा भाऊ उभा राहीन," एवढंच ते मालकाला म्हणाले.  मालकानं स्वतःच दोर सोडवून बुटकीला लावला.

बुटकी हळू होती, इतकी की मला राग आला. पण अर्ध्या चढावर थांबवली तशी ती थांबली. बाबांनी चाकामागे खडूनं रेघ मारली, आम्ही चहा पिऊन आलो, चाक रेघेवरच होतं. मी त्या कुरूप मशीनकडे पाहिलं आणि मला ती एकदम देखणी वाटली.

काका मात्र परतीच्या एसटीत तोंड फिरवून बसले. चार लोकांत हात पुसल्यासारखा गुलाल पुसला, हे त्यांना लागलं होतं. उतरताना म्हणाले, "खाली मी उभा राहणार होतो. मले भेव नव्हतं, तं तुमाले काहून?"  घरी दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळी वाढली जाऊ लागली.

बुटकी विंच नाल्यावर बसवली, त्या दिवशी मीही गेले होते. काका सवयीनं खाली उतरू लागले, तर बाबांनी त्यांना अडवून ब्रेकच्या दांड्यापाशी उभं केलं आणि स्वतः खाली गेले. साखळी अडकवली. ओंडका चढू लागला. निम्म्यावर आला तसा बाबांनी थांबायचा इशारा केला आणि सरळ त्या ओंडक्याच्या रेषेत, त्याच्या खालच्या उतारावर येऊन उभे राहिले.

काकांनी ब्रेक ओढून धरला. ओंडका तसूभरही हलला नाही. बाबाही हलले नाहीत, नुसते वर भावाकडे बघत राहिले. दांड्यावर काकांची बोटं पांढरी पडली होती आणि कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण तो पुसायला त्यांनी हात काढला नाही.

"भाऊ," शेवटी ते खाली वाकून म्हणाले, "बाजूले व्हा. समजलं मले."