पच्चिशीतला लाकडी हात

महाराष्ट्र राज्य नवं होतं, तेव्हा मी उंद्रीहून चिखलीच्या बाजाराला जात असे. परतीची गाडी सुटेपर्यंत सरकीच्या दुकानाच्या ओट्यावर चाललेला पच्चिशीचा डाव पाहत बसायचो. त्यात एक जण होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सरकी काढायच्या जिनात, यंत्रात सापडून, त्याचा उजवा पंजा गेला होता आणि सुताराने त्याला बाभळीचा, ओंजळीसारखा खोलगट हात करून दिला होता. त्यात कवड्या घालून तो दोनदा खुळखुळवायचा आणि डोळे मिटून फेकायचा.

तो हात मंतरलेला आहे, असं बाकीचे खेळणारे मानत. म्हणून त्यांनी नियमच केला होता, की त्याला पंचवीस, म्हणजे सगळ्यात मोठं दान, पडले तर त्याने पुढचं दान सोडायचं.

"टाक बे जादूगारा, पाहू तं!" असं ओरडत आणि थोडे मागे सरकत.

मला हा नियम अन्यायाचा वाटला. चार बाजार मी प्रत्येकाची दानं कागदावर टिपली. दोनशे फेकींत त्याला पंचवीस तीनदा पडले होते, इतरांनाही तेवढ्याच फेकींत प्रत्येकी तीन-चारदाच. कागद मी आधी त्याला दाखवला.

तो हसला. "तुमचं गणित बराबर हाय, भाऊ. पण कोनाले सांगू नोका. हात जादूचा हाय म्हनून हे मले भेतात, माह्याशी भांडतात. निस्ता लाकडाचा निंघाला, तं कीव करतीन अन् मुद्दाम हारतीन."

तेवढ्यात डावाला आलेल्या एका नवख्याने मला हळूच विचारलं, "काहो, हात खरंच मंतरलेला हाय काय?"

कागद माझ्या हातातच होता.

"हाव," मी म्हणालो. "जपून खेळा."