उसवलेला आठ नंबर

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला नीट जमत नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर माझी शाळा सुटली. हे मी मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. पण कोणाच्या हाती लागलंच, तर शिलाईतलं न कळणाऱ्यालाही समजावं म्हणून सोपं करून लिहिते.

त्या दिवशी माझ्या दुकानाच्या ओट्यावर तीन माणसं भांडत होती आणि मी आत काजं करत बसले होते. भांडण एका आकड्यावरून होतं. आठ.

आमच्या डोणगावच्या फुटबॉल क्लबला नव्या मोसमासाठी सोळा जर्सी हव्या होत्या. कापड आलं होतं, मापं झाली होती. पाठीवरचा नंबर मी छापून घेत नाही, छापलेला चार धुण्यांत उकलतो. मी पांढऱ्या कापडाचा आकडा कापते आणि चारी बाजूंनी टीप मारून बसवते. प्रत्येक आकड्याचा पुठ्ठ्याचा साचा माझ्याकडे आहे. आठचा साचा मात्र सहा वर्षं खिळ्यावर तसाच लटकत होता. प्रल्हाद क्लब सोडून गेला, तेव्हापासून गावात कोणी आठ नंबर घालत नाही. सातनंतर एकदम नऊ, आणि शेवटी सतरा.

प्रल्हाद मिडफिल्डर होता. म्हणजे मागच्यांकडून बॉल घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा, असं मला सांगितलं गेलं. तो पुढे कमी द्यायचा आणि मागेच जास्त, अशी लोकांची तक्रार होती. मैदानात त्याला 'रिव्हर्स' म्हणून ओरडायचे. काही जण म्हणायचे, डोकं फक्त त्यालाच आहे. काही म्हणायचे, अंगचोर आहे. एकाच घरातले दोन भाऊ त्याच्यावरून बोलेनासे झालेले मी पाहिले. मी स्वतः एकही मॅच पाहिलेली नाही. माझं दुकान मैदानाच्या रस्त्यावर आहे, मला फक्त आवाज येतो.

ओट्यावर किराणावाले संतोषभाऊ होते, रिटायर झालेले दत्ता मास्तर होते आणि क्लबचे सेक्रेटरी वसंतभाऊ. संतोषभाऊंच्या मोबाइलवर सहा वर्षांपूर्वीच्या फायनलचा व्हिडिओ आला होता. ती फायनल आपण हरलो होतो, आणि प्रल्हादची ती शेवटची मॅच. कोणीतरी तेव्हा काढून ठेवलेला व्हिडिओ आता ग्रुपवर टाकला होता. आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता.

"मास्तर, तुम्ही पाह्यला का नाई व्हिडिओ?" संतोषभाऊ म्हणाले.

"पाह्यला. तीनदा पाह्यला. तीनही वेळा बॉल मांगंच दिला त्यानं."

"मांगं दिला म्हणून तं एकाच गोलनं हरलो. नाईतं चार झाले असते. आठ नंबर परत सुरू करा. बोलवा त्याले, शाल-नारळ द्या, नव्या पोराले त्याच्या हातानं जर्सी घालू."

"सहा वर्षांआधी रिव्हर्स रिव्हर्स कोन ओरडत होतं बे? सगळ्यात मोठा गळा तुहाच होता."

"हाव, होता. तवा मले खेळ समजत नव्हता."

"आता समजून राह्यला?"

संतोषभाऊंनी मोबाइल खाली ठेवला. "पुरता तं आताही नाई समजून राह्यला," ते म्हणाले.

वसंतभाऊंनी दोघांना हाताने थांबवलं. "खेळाचं राहू द्या. खेळाचं देवालेही नाई समजत. पन क्लबची जर्सी घेऊन गेला, हे तं खरं आहे ना? वर खोटं बोलला, का शिवाले टाकली म्हणून. शोभाताईनं तोंडावर नाही म्हटलं. जर्सीचोराले शाल द्याची का आता?"

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझं काज वाकडं गेलं. बटण मावणार नाही इतकं नाही, पण मला ते दिसत होतं.

इथे मला मागचं सांगावं लागेल.

क्लबचा नियम असा आहे. जर्सी क्लबची, वर्गणीतून शिवलेली. खेळाडूने मोसमाच्या सुरुवातीला तीनशे रुपये अनामत ठेवायची. मोसम संपला की जर्सी परत करायची आणि अनामत परत घ्यायची. फाटकी असेल तर ती आधी थेट माझ्याकडे येते. मग शिवून झालेल्या जर्सींचं गाठोडं वसंतभाऊ माझ्याकडून नेतात, नंबर पाहून मोजतात आणि रजिस्टरवर खूण करतात.

त्या फायनलनंतर प्रल्हाद स्वतः येऊन जर्सी देऊन गेला होता. पाठ कमरेपासून वर नंबरापर्यंत फाटली होती. अशी पाठ नंबर तसाच ठेवून शिवता येत नाही. आधी नंबर उसवायचा, आतून कापड लावायचं, मग नंबर पुन्हा बसवायचा. मी आठ उसवला आणि बटणांच्या डब्यात ठेवला. जर्सी दुरुस्तीच्या ढिगात गेली. बिननंबरची ती कोणाचाही निळा सदरा दिसत होती.

तेवढ्यात बातमी आली की प्रल्हादला उंद्रीकडे काम मिळालं आणि तो तिकडच्याच क्लबकडून खेळणार. लोक भडकले. वसंतभाऊ पाच-सहा जणांना घेऊन माझ्याकडे आले. गाठोडं उघडलं.

"ताई, प्रल्हाद म्हणते, आठ नंबर तुमच्यापाशी आहे. आहे काय?"

मी गाठोडं पाहिलं, कपाट पाहिलं. एवढी माणसं दारात आली की मला काही सुचत नाही. मी पाठीवर आठ असलेली जर्सी शोधत होते. तशी जर्सी दुकानात कुठेच नव्हती. मी "नाही" म्हटलं.

संध्याकाळी बटण शोधायला डबा उघडला तर वरच आठ.

तेव्हाच उठून वसंतभाऊंकडे जायला हवं होतं. मी साडीचा पदरही नीट केला. पण रस्त्यावर प्रल्हादच्या नावाने बोलणं चाललं होतं. खेळात चोर, कपड्यातही चोर. आता मी जाऊन काय म्हणणार? मी परत आत आले, ढिगातली जर्सी काढून पेटीच्या तळाशी ठेवली. उद्या सांगू म्हटलं. त्या उद्याची सहा वर्षं झाली. प्रल्हादची अनामत जप्त झाली आणि गावात तो जर्सीचोर राहिला.

म्हणून त्या दिवशी मी ओट्यावर बोलू की नको, हे मला समजत नव्हतं. क्लबचं काम म्हणजे माझी अर्ध्या वर्षाची कमाई. सोळा जर्सींचं कापड कापायचं होतं. सांगितलं तर वसंतभाऊ ते गाठोडं बांधून दुसरीकडे नेऊ शकत होते. आणि नाही सांगितलं तर शाल तर राहोच, तो माणूस आणखी एकदा चोर ठरणार होता. तोही माझ्याच ओट्यावर.

मी उठले. पेटीच्या तळातून जर्सी काढली, डब्यातून आठ काढला, आणि दोन्ही मशीनवर ठेवलं.

तिघं मशीनजवळ आले. मग वसंतभाऊ म्हणाले, "ताई, हे तं..."

"माह्यापाशीच होती," मी म्हटलं. "नंबर उसवला होता. म्हणून मले दिसली नाई."

"मंग नंतर काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही परत इचारलंच नाई."

हे उत्तर खरं होतं आणि लबाडीचंही होतं. मला ते लगेच कळलं. वसंतभाऊंनाही कळलं असावं. त्यांनी जर्सी उलटी करून पाहिली आणि विचारलं, "एवढी कशी फाटली?"

यावर मला काही तरी सांगता येत होतं. खेळ मला कळत नाही, कपडा कळतो. पुढे खेळणाऱ्यांच्या जर्सी छातीवर मळतात. गोलकीपरची कोपराला विरते. प्रल्हादची प्रत्येक वेळी एकाच जागी खराब होऊन यायची, मागून, डाव्या कमरेजवळ, कापड ताणून बोटभर लांब झालेलं. मला वाटायचं, खुर्चीच्या खिळ्याला अडकत असेल. मी तेच सांगितलं.

संतोषभाऊंनी घाईघाईने व्हिडिओ लावला. तिघं मोबाइलवर वाकले.

"हे पाहा. हात पाहा त्याचा. मांगून धरलं. हे पुन्हा. ताई, खिळा नाई हा, मानूस आहे."

दत्ता मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आपन बॉल पाहत होतो," ते म्हणाले. "याच्याकडं कोन पाहते?"

"म्हणूनच तं पुढं जाता नाई आलं त्याले. आणि तिकडचे दोघं याले धरून बसले, म्हणून पुढं खेळणारा आपला दिलीप मोकळा राह्यला."

"मोकळा राहून त्यानं काय केलं? बाहेर मारला. आणि याले धरलं, तं सोडवून घ्याचं होतं ना. पंच काय झोपला होता?"

भांडण पुन्हा सुरू झालं. मला वाटलं होतं, जर्सी काढली की गोष्ट मिटेल. ती मिटली नाही. फक्त चोर हा शब्द त्यातून गेला.

संतोषभाऊंनी तिथूनच प्रल्हादला फोन लावला, स्पीकरवर. शाल, नारळ, सत्कार, नव्या खेळाडूला जर्सी, सगळं एका दमात सांगितलं. पलीकडून प्रल्हादने एवढंच विचारलं.

"जर्सी सापडली म्हणता?"

"हाव. ताईपाशीच होती."

"मी तेच सांगतलं होतं." तो पुढे म्हणाला, "शाल नको, भाऊ. मैदानात मले नाई यायचं. माही अनामत तेवढी द्या. तीनशे."

संतोषभाऊंचं तोंड उतरलं. सहा वर्षं शिव्या दिल्या, आता हार घालायला निघाले, तर समोरचा माणूस दोन्ही घेईना. "आता याचं काय समजाचं?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

बाजाराच्या दिवशी प्रल्हाद आला. अंगाने भरला होता. ओट्याच्या पायरीवर उभा राहिला, वर आला नाही.

"मावशी, तवा नाई काऊन म्हटलं?"

"मले आठ नंबर इचारला. तिच्यावर आठ नव्हता. संध्याकाळी ध्यानात आलं."

"मंग?"

"मंग मी भेली."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "बरं," म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ मी अजून लावते आहे. रागाचं होतं की माफीचं, ठरवता येत नाही. मी आता शिवून ठेवलेली जर्सी त्याच्यापुढे धरली. त्याने डाव्या कमरेची टीप अंगठ्याने चाचपली आणि परत दिली.

वसंतभाऊ रजिस्टर घेऊन आले. त्यांनी माझं काम काढून घेतलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पंधरा जर्सी शिवून गेल्या आहेत. सोळावीची पाठ अजून कोरी आहे, कारण तिच्यावर आठ घालायचा की सतरा, यावर ओट्यावर रोज बैठक बसते. संतोषभाऊ म्हणतात आठ. मास्तर एक दिवस हो म्हणतात, एक दिवस नाही. मी आठ कापून ठेवला आहे, सतराही कापून ठेवला आहे.

एवढं मात्र शिकले. आता कोणाच्याही जर्सीचा नंबर उसवला, की आतून चिठ्ठी टाचते. कोणाची आहे, कोणता नंबर होता. माणसं दारात आली की माझ्या डोक्यावर माझा भरवसा नाही.

बाजाराच्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं, वसंतभाऊंनी प्रल्हादच्या हातावर आधी दोनशेच ठेवले. "शंभर शिलाईचे कापले. फाटली होती ना."

"शिलाई माही आहे," मी म्हटलं. "मी मागतली नाई. पूर्ण द्या."

वसंतभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग खिशात हात घातला. शंभराची आणखी एक नोट काढली. प्रल्हादने तिन्ही नोटा मोजल्या, रजिस्टरवर सही केली, आणि वसंतभाऊंनी सहा वर्षं मोकळ्या असलेल्या चौकोनात खूण केली. अनामत तीनशे, पूर्ण परत.