तांबोळी सरांची हवा

डॉ. याकूब तांबोळींना कुठलाही साधा प्रश्न विचारला, की उत्तराआधी ते एक प्रश्न परत करत : ‘‘कशाच्या मानाने?’’ बदली होऊन आम्ही दिल्लीला लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी ते मला लिफ्टमध्ये भेटले. मराठी माणूस दिसल्याच्या आनंदात मी माझं नाव-गाव सांगितलं आणि विचारलं, ‘‘इथं थंडी फार असते का हो?’’

‘‘कशाच्या मानाने? तुमच्या नाशिकच्या मानाने फार. लेहच्या मानाने काहीच नाही.’’ एवढं बोलून ते आपल्या मजल्यावर उतरून गेले. स्वेटरची ट्रंक उघडायची की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सर मूळचे बार्शीचे. एका सरकारी प्रयोगशाळेत हवेतल्या धुळीवर संशोधन करायचे. सडपातळ, उंच, गळ्यात ऑक्टोबरपासून मफलर आणि कोटाच्या खिशात साबणाच्या वडीएवढं धूळ मोजायचं यंत्र. कुणाच्या घरी जेवायला गेले तरी ते आधी यंत्र बाहेर काढून आकडा बघत, यजमानांना तो सांगत आणि मगच ताटावर बसत. त्यांच्या पत्नी जमीलाभाभी म्हणायच्या, ‘‘लग्नानंतर पहिल्या ईदला नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसतेय? तर हे म्हणाले, कशाच्या मानाने? तेव्हापासून मी यांना फक्त भाजीबद्दल विचारते. तिथं मीठ कमी की जास्त, एवढंच असतं.’’

सरांचं आणखी एक वाक्य ठरलेलं होतं. ‘‘‘सायन्सने सिद्ध झालंय’ असं कुणी म्हणालं, की त्याला आधी चहा पाजावा. मग प्रेमाने विचारावं, कुणी केलं आणि कसं केलं. चहा संपेपर्यंत माणूस बरंच कबूल करतो.’’

त्या वर्षी दिवाळीनंतर दिल्लीची हवा नेहमीसारखी करडी झाली आणि आमच्या कॉलनीच्या कमिटीने मनावर घेतलं. सेक्रेटरी भटनागरजींनी गुरुग्रामहून एका कंपनीचा टाय लावलेला तरुण बोलावला. त्याने कॉलनीच्या बागेत बाकांच्या मधोमध फ्रिजएवढं यंत्र उभं केलं. आत पंखा, जाळीचे फिल्टर, वर निळा दिवा. काही आठवडे फुकट वापरा, पसंत पडलं तर घ्या, असा मामला होता. यंत्र सगळ्या बागेची हवा शुद्ध करतं, हे म्हणे सायन्सने सिद्ध झालं होतं.

सरांनी त्याला चहा पाजला. त्याने बरंच कबूल केलं, पण ते फक्त सरांनी ऐकलं. मग ते कमिटीला सांगायला गेले, ‘‘मोकळ्या बागेत हे लावणं म्हणजे घराची दारं-खिडक्या उघडी टाकून अख्ख्या लोधी रोडला एसी पुरवण्यासारखं आहे.’’ भटनागरजी कळवळून म्हणाले, ‘‘डॉक्टरसाब, आप हर चीज़ में निगेटिव क्यों हो जाते हैं?’’

आणि खरं सांगायचं तर यंत्राचा गुण येताना दिसत होता. आमच्या वरच्या मजल्यावर सुशीलाआजी राहायच्या. दम्याच्या जुन्या पेशंट. लेक आणि सून दोघंही मंत्रालयात. हिवाळाभर त्या घराबाहेर पडायच्या नाहीत. यंत्र आल्यावर मात्र रोज संध्याकाळी खाली येऊ लागल्या. शेगडीजवळ बसावं तशा यंत्राला चिकटून बसायच्या. त्यांच्याभोवती बायका जमल्या, मटार सोलले जाऊ लागले, सुनांवर चर्चासत्रं झाली. ‘‘छाती कशी मोकळी झालीय बिल्कुल,’’ आजी सांगायच्या. माझा घसासुद्धा सुधारला होता.

सरांना राहवेना. ‘‘एक आठवडा फिल्टर काढून ठेवू. पंखा चालू, दिवा चालू. तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. मग लोकांना विचारू,’’ असं त्यांनी भटनागरजींना पटवलं. यंत्राची कीर्ती वाढेल या खात्रीने भटनागरजी तयार झाले. फिल्टर त्यांच्या पलंगाखाली गेले.

आठवड्याने कम्युनिटी हॉलमध्ये सभा भरली. गुरुग्रामचा तरुणही आला होता. सरांनी एकेकाला विचारलं, हा आठवडा कसा गेला? आजी म्हणाल्या, इतकं बरं महिनाभरात वाटलं नव्हतं. मी हात वर करून घशाची साक्ष दिली. जमीलाभाभी उठून म्हणाल्या, ‘‘यांचं घोरणंसुद्धा कमी झालंय.’’ सरांनी भाभींकडे एकदा दुःखाने पाहिलं आणि जाहीर केलं, की आठवडाभर यंत्रात फिल्टरच नव्हते.

मग मागून कॉलनीतले चोप्राजी उभे राहिले. ‘‘तो इससे यही साबित हुआ ना, कि मशीन बिना फिल्टर के भी काम करती है!’’

टाळ्या पडल्या. कुणीतरी विचारलं, बिनफिल्टरची स्वस्तात मिळेल का? तो तरुण गंभीरपणे मोबाइलवर हिशोब करू लागला.

घरी येताना सर जिन्यात थांबून म्हणाले, ‘‘ताई, माझ्या नोकरीतला हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग. आणि निकाल बघा!’’

पुढे त्या प्रयोगाचा दाखला देत, विजेचं बिल कुणी भरायचं यावरून कमिटीत फाटलं आणि यंत्र परत गेलं. आपलं खरं झालं म्हणून सर चार दिवस मफलर ऐटीत मागे टाकून फिरले. पाचव्या दिवशी भाभींनीच त्यांना सांगितलं, ‘‘तुम्ही जिंकलात. आजी खाली येईनाशा झाल्या.’’

सर, भाभी आणि मी आजींकडे गेलो. आजी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी सरांना बसासुद्धा म्हटलं नाही.

‘‘मला न सांगता माझ्यावर प्रयोग केलात?’’

‘‘सांगितलं असतं तर प्रयोग बिघडला असता, आजी.’’

‘‘आणि न सांगून मी बिघडले, त्याचं काय?’’

आजी थांबल्या नाहीत. ‘‘हवा तीच होती म्हणता ना? मग मी बरी कशी झाले ते सांगा. तुम्ही शिकलेले आहात.’’

सर एकेक शब्द तपासून घेतल्यासारखे म्हणाले, ‘‘तुम्ही रोज खाली येत होता. चार माणसांत बोलत होता. भीती वाटत नव्हती. भीती कमी झाली की श्वास सावकाश होतो.’’

‘‘म्हणजे यंत्राचा उपयोग होता.’’

‘‘होता. पण हवेला नव्हता.’’

‘‘तुम्ही तेवढंच बघितलंत ना, हवेला नव्हता ते. आणि यंत्र घालवलंत.’’

सरांनी कान पकडले. खरोखरच, दोन्ही हातांनी. म्हणाले, ‘‘चुकलं माझं. प्रयोग बरोबर होता, मी चुकलो. उद्यापासून यंत्राच्या जागी मी बसतो.’’

आणि ते बसले. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते, सुट्ट्या साठलेल्या होत्या. दुपारी ऊन चढलं की हवा वर उचलली जाते, धूळ पांगते, हे त्यांनी आजींना समजावून दिलं होतं. म्हणून संध्याकाळची बैठक दुपारवर आली. सर बागेत जाऊन आकडा बघायचे आणि गॅलरीकडे तोंड करून ओरडायचे, ‘‘आजी, या!’’ किंवा ‘‘आज नको!’’ ‘नको’ असेल त्या दिवशी स्वतः वर जाऊन आजींशी रमी खेळायचे आणि हरायचे. काही दिवसांनी दुसऱ्या गॅलऱ्यांतूनही आवाज येऊ लागले, ‘‘डॉक्टरसाब, आज बच्चे खेलने आएँ?’’ चोप्राजीसुद्धा फिरायला निघण्याआधी सरांकडे बघू लागले. इतकी वर्षं सर तोच आकडा सांगत होते; बाकावर येऊन बसल्यावर तो लोकांना ऐकू आला.

मार्चअखेर सर निवृत्त झाले, क्वार्टर सोडून बार्शीला गेले. जाताना आजींची काळजी करत होते, म्हणून तिथूनही दुपारी फोन करायचे. इंटरनेटवर दिल्लीचे आकडे बघायचे आणि जा किंवा नको सांगायचे. नव्या हिवाळ्यातही हे चाललं होतं.

एके दुपारी मी आजींकडेच बसले होते. फोन आला. ‘‘आज नको, आजी. आकडा वाईट आहे.’’

‘‘कुठला आकडा?’’ आजींनी विचारलं. ‘‘आकडा मोजणारं तुमचं ते मशीन कुठे लावलंय? आनंद विहारला असेल, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मी इथं खिडकीत उभी आहे. समोरच्या टॉवरवरची पाण्याची टाकी मला स्वच्छ दिसतेय. तुम्ही इथं असताना ‘नको’ म्हणायचात, त्या दिवशी ती कधी दिसायची नाही. मी रोज बघत होते. मी चालले खाली.’’ आणि फोन ठेवून त्या चपला शोधू लागल्या.

मिनिटभरात माझा मोबाइल वाजला. मला वाटलं, सर रागावले.

‘‘अहो ताई,’’ ते बार्शीहून अक्षरशः ओरडत होते, ‘‘ऐकलंत का? आजींनी मला खोडून काढलं! पुराव्यानिशी!’’

प्रमोशन मिळाल्यावरही माणूस इतका खूश होत नाही.