हलक्या बॅगेचे भाऊजी

पाठीवर काहीही न घेण्यासाठी आपल्या शेजारच्या भाऊजींनी जेवढे कष्ट उपसले, तेवढे पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालानंही उपसले नसतील. तुम्ही त्यांना ओळखता. व्हिडिओ कॉलवर मधेच डोकावून, चमकत्या कापडाची बॅग करंगळीवर टांगून दाखवणारे, तुम्ही ज्यांना ‘बॅग-आजोबा’ म्हणता, तेच. परवा तुम्ही विचारलंत, “शेवटी गेले का ते बॅग घेऊन?” विचारताना हसत होतात, म्हणून मी विषय बदलला. पण प्रश्नाला अर्धं उत्तर देऊन सोडून देणं मला जमत नाही, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. हसण्यासारखं त्यात बरंच आहे. हसून झालं की उरलेलंही वाचा.

भाऊजी आणि तुमचे आजोबा दोघंही ऊर्जानगरच्या वीज केंद्रात आयुष्य काढून निवृत्त झाले. क्वार्टर सोडावी लागली तेव्हा कॉलनीबाहेर शेजारी-शेजारी घरं बांधली आणि मधल्या भिंतीत येण्याजाण्यासाठी एक दार ठेवलं. त्या दाराला कडी लावा असं मी पहिल्या दिवसापासून सांगत आले. भाऊजींची सगळी नोकरी कोळसा हाताळण्यात गेली. खाणीतून कोळसा येतो त्याबरोबर दगडही येतात. पट्ट्यावरून पुढे जाण्याआधी ते काढून टाकायचे, हे त्यांचं काम. “वहिनी, कोळसा जळते, दगड नुसता फिरते,” असं ते एखाद्या संताचं वचन सांगावं तसं सांगत. निवृत्तीनंतर कोळसा सुटला, दगड शोधायची सवय सुटली नाही. माझ्या दिवाणखान्यात त्यांना दगड दिसत, माझ्या फराळाच्या ताटात दिसत, लग्नपत्रिकेतल्या नावांत दिसत. पण खरे दगड दिसायला लागले ते तुमच्या आजोबांनी चालत सिरोंच्याला जायचं काढलं तेव्हापासून.

ती गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. आजोबा लहानपणी चामोर्शीला वसतिगृहात राहून शिकत होते. त्यांचे वडील तिकडे सिरोंच्याला लाकडाच्या डेपोवर चौकीदार. एकदा आजोबांना मोठा ताप आला आणि कुणाबरोबर तरी निरोप गेला. तेव्हा तिकडे बस जात नव्हती. तर पणजोबा तिथून चालत आले, सगळं जंगल तुडवून. ताप उतरेपर्यंत उशाशी बसले आणि पोरगा गाढ झोपलेला असताना पहाटे उठून आल्या वाटेनं चालत परत गेले. आजोबांनी त्यांना जाताना पाहिलं नाही. ती वाट एकदा आपल्या पायांनी चालायची, एवढंच त्यांना हवं होतं. नोकरीभर त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी भाऊजींना सांगितलं, आणि भाऊजी लगेच म्हणाले, “मी येतो ना तुह्यासंगं. एकट्यानं जाऊ नको बे.” त्या संध्याकाळी मला भाऊजींविषयी फार आदर वाटला. तो साधारण पंधरवडा टिकला.

इकडे पायी चालायला वर्षात एकच हंगाम असतो, हे ध्यानात ठेवा. धान कापून झालं की थंडी आहे तोवर. पुढे ऊन माणसाला भाजून काढतं, मोहफुलांच्या दिवसांत अस्वलं झाडाखाली असतात, मग पाऊस. वाघामुळे त्या पट्ट्यात एकट्यानं जायचं नाही, हेही ठरलेलं. म्हणजे भाऊजी निघतील तेव्हाच आजोबा निघणार. आजोबांनी आपली तयारी एका दुपारी उरकली: दोन शर्ट, एक लुंगी, चादर, औषधं, सगळं एका कापडी झोळीत. झोळी खुंटीला लावली आणि भाऊजींच्या तयारीची वाट पाहत बसले.

भाऊजींनी मात्र आधी अभ्यास केला. फोनवर परदेशातले दाढीवाले तरुण महिनोन्महिने डोंगरातून चालतात, ते सगळे त्यांनी पाहून संपवले. या प्रकाराला अल्ट्रालाइट म्हणतात. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण हा शब्द मला भाऊजींनी शिकवला. अन्न आणि पाणी सोडून पाठीवर जे जे असेल त्याचं वजन म्हणजे ‘बेस वेट’, आणि ते घटवत नेणं म्हणजे मोक्ष. केकचा मैदा मोजायचा माझा काटा त्या दारातून गेला तो परत आला नाही. भाऊजींनी दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला. टॉवेलचा रुमाल केला. कपड्यांची लेबलं उसवली. कंगवा निम्मा कापला. डोक्यावरचे केस पाहता तो अख्खाच वगळता आला असता. मग गोळ्यांच्या पाकिटांचं वजन त्यांना सलायला लागलं. त्यांनी सराव म्हणून आपल्या रक्तदाबाच्या आणि बायकोच्या, कुसुमबाईंच्या, थायरॉइडच्या गोळ्या सोलून एकाच प्लॅस्टिकच्या पुडीत भरल्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही बारीक. पुढचे काही दिवस कोणी कोणती घेतली ते कुणालाच माहीत नाही. एवढंच आठवतं की भाऊजी दुपारी घामाघूम होऊन फिरत होते आणि कुसुमबाईंना चक्कर येत होती. डॉक्टरांकडून आल्यावर कुसुमबाई माझ्या ओट्याशी बसून म्हणाल्या, “ताई, सामानाचं वजन काई कमी नाई झालं. यायच्या डोक्याचंच झालं.”

पहिली बॅग तुमच्या बाबानं तिकडून आणली. अशी बॅग उंचीवर घेत नाहीत, पाठीच्या लांबीवर घेतात: मानेच्या हाडापासून कंबरेच्या हाडापर्यंत. कुसुमबाई टेप घेऊन मागे उभ्या राहिल्या, आणि भाऊजी छाती फुगवून, श्वास रोखून असे ताठ झाले की जणू मोठा साहेब पाहणीला आला आहे. बॅग आली ती त्या ताठ भाऊजींच्या मापाची. चालणाऱ्या, श्वास सोडणाऱ्या भाऊजींना ती लांब पडायची. भार कंबरेवर यावा म्हणून असलेला पट्टा मांडीवर घसरायचा. तरी ते रोज सकाळी ती चढवून कॉलनीला फेऱ्या मारत, आणि तीही रिकामी, कारण भरली तर कापड झिजेल. गेटवरच्या गार्डनं विचारलं, “साहेब, कुठी चालले?” “सिरोंच्याले.” “बॅगेत काय हाय मंग?” “काईच नाई.” त्या उत्तराचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा होता. कंपनीची बस दोनदा त्यांच्यासाठी थांबली. बॅग बदलून मागवण्यात तो हिवाळा गेला.

आजोबांची झोळी खुंटीलाच होती. झोळीवर धूळ बसली ती मी झटकली.

दुसऱ्या वर्षी भाऊजींच्या मनानं घेतलं की बाजारात मिळते ती हलकी बॅगही जडच असते. पाठीला आधार म्हणून आत घातलेल्या पट्ट्या म्हणजे शुद्ध दगड. त्या काढायच्या, झोपायची चटई घडी करून पाठीशी लावायची, की झाला आधार. पतंगाच्या कागदासारखं कापड मागवलं आणि वरोऱ्याच्या एका शिंप्याला गाठलं. तो शाळेची दप्तरं शिवायचा. त्यानं बॅगेचा आराखडा पाहिला आणि म्हणाला, “भाऊ, चेन नाई, खिसे नाई, अस्तर नाई. मंग मी शिवू काय?” तरी शिवली बिचाऱ्यानं. आजोबांनी तगादा लावला तेव्हा भाऊजी एका मुक्कामाच्या चाचणीला तयार झाले. चामोर्शीजवळ आजोबांच्या वसतिगृहातल्या मित्राचं गाव आहे. अर्ध्या वाटेपर्यंत बसनं जाऊन तिथून दिवसभर चालत गेले, रात्री विहाराच्या ओसरीत झोपले. इथपर्यंत सगळं उत्तम.

पण भाऊजींनी पाहिलेल्या त्या दाढीवाल्यांच्या वाटेवर गावं नव्हती. इथं सकाळी निघताना मित्राच्या म्हाताऱ्या आईनं नव्या तांदळाचं गाठोडं पुढे केलं. “घरून पावना रिकाम्या हातानं जात नसते, भाऊ.” भाऊजींनी हात जोडून सांगितलं की बॅगेला जास्त भार चालत नाही. म्हातारीनं बॅग बोटांनी चाचपून पाहिली. “मंग बॅग कायले आणली?” या प्रश्नाचं उत्तर एकाही व्हिडिओत नव्हतं. तांदूळ आत गेला. पुढच्या घरातून लाखोळीची डाळ आली, त्यापुढच्या घरातून वांगी, कारण एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाही घेतलं तर गावभर बोलणं होतं. शेवटी एका घरानं कोहळा आणला. गावाच्या वेशीवर बॅग तळापासून उसवली, तांदूळ वाटेवर सांडला आणि कोंबड्या धावल्या. आजोबा हसून हसून रस्त्याच्या कडेला खाली बसले. घरी येऊन मला सांगतानाही तसेच हसले, आणि हसता हसता खोकू लागले. तो खोकला बराच वेळ थांबला नाही. मी पाणी दिलं. भाऊजी तेव्हा आमच्याच खुर्चीत बसून उसवलेली शिवण उजेडात धरून पाहत होते.

“जाऊ दे ना ते,” आजोबा म्हणाले. “उद्या निघू. माही झोळी तू घे, मी दुसरी पाहतो.”

“नाई बे. चूक समजली आता. दोरा बदलला पाह्यजे. एक महिना दे फक्त.”

महिना दिला. महिन्यानं ऊन आलं.

तिसऱ्या वर्षी धानाची कापणी सुरू झाली तेव्हा आजोबा नागपूरच्या दवाखान्यात होते. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले. यापुढे घरातल्या घरात चालायचं, ऑक्सिजन जवळ ठेवायचा. घरी आणल्यावर दुसऱ्याच दिवशी भिंतीतलं दार वाजलं. भाऊजी आत आले. हातात बॅग. तयार झाली होती. शिवण दुहेरी, पट्टे नेमके, माप श्वास सोडलेल्या माणसाचं. त्यांनी ती आजोबांच्या मांडीवर ठेवली. का ठेवली, ते मला आजही कळलेलं नाही. कदाचित रिकाम्या हातानं कसं यावं ते त्यांना सुचलं नसेल. आजोबांनी एका हातानं ती उचलली, खाली ठेवली, परत उचलली.

“लई हलकी झाली,” ते म्हणाले. “आता तू जाऊन ये.”

भाऊजी गेले नाहीत. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे. आणि तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते, त्या दिवसानंतर बरेच दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. ते आजोबांजवळ येऊन बसत तेव्हा मी आतल्या खोलीत कपाट लावत बसे. माझी कपाटं इतकी लावलेली कधीच नव्हती. वाईट माणसाचा राग धरणं सोपं असतं. भाऊजी वाईट नाहीत. माझ्या नवऱ्याच्या पायांत बळ होतं ते दोन्ही हिवाळे या भल्या माणसानं काट्यावर मोजत घालवले, आणि ते परत मागायला मी कुठे जाऊ? कुसुमबाई एकदा म्हणाल्या, “ताई, त्यायले दोन शबुद बोलून टाका एकदाचे. ते जेवत नाई धड.” मी म्हटलं, बरं आहे, वजन कमी होईल. बोलल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द मागे घेतला नाही.

यंदाच्या थंडीत डॉक्टरांनी एक दिवस बाहेर न्यायला परवानगी दिली. भाऊजींनी गाडी ठरवली आणि आम्हाला घेऊन आलापल्लीच्या पुढे, सिरोंच्याच्या रस्त्यावर गेले. दोन्ही बाजूंना उंच साग लागले तेव्हा त्यांनी गाडी थांबवली. ऑक्सिजनचा सिलिंडर लोखंडाचा, चांगला जड. त्यांनी तो दुपट्ट्यात गुंडाळला आणि लेकरू बांधतात तसा पाठीशी बांधला. वजन विचारलं नाही. आजोबा पुढे, नळीच्या लांबीइतकं अंतर ठेवून भाऊजी मागे, आणि मी त्यांच्या मागे, असे आम्ही निघालो. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायचं आणि थांबायचं. वाकल्यामुळे भाऊजींच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण आजोबा थांबले की तेही नुसते उभे राहत, सिलिंडर खाली टेकवत नसत.

तिसऱ्या झाडाशी आजोबांनी सागाला हात लावला. श्वास सावरल्यावर म्हणाले, “माहा बाप इथूनच गेला असन काय बे?”

पणजोबांची वाट इथून नव्हती. हा रस्ता नंतर झाला. जुनी पायवाट दूर नदीच्या अंगानं जायची. हे आम्हाला भाऊजींनीच मागे एकदा नकाशे पसरून, बोट ठेवून समजावलं होतं. वीतभर चुकीसाठी अख्खी बॅग उसवणारा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“इथूनच,” भाऊजी म्हणाले. “दुसरी वाट कुठी हाय?”

मी जन्मभर मुलांच्या वह्यांतल्या चुकांवर लाल शाई ओढली आहे. ही चूक तशीच राहू दिली.

आजोबांनी मान हलवली आणि झाडावरचा हात काढून आणखी एका झाडापर्यंत गेले. तिथून पुढचा रस्ता सरळ जात होता आणि लांबवर धुक्यात बुडाला होता. ते बराच वेळ तिकडे पाहत उभे होते.

“लई दूर हाय बे सिरोंचा.”

“हाव,” भाऊजी म्हणाले, आणि पाठीवरची गाठ आणखी घट्ट केली.